श्वानाचा वाटा

मराठी भाषेंत कुत्र्याशीं बोलावयाचे मूळचे शब्द दोनच आहेत. जवळ बोलवावयाचें असेल तर 'यू यू', आणि हाकलून द्यावयाचें असेल तर 'हाड'. पहिला शब्द बहुधा भाकरीचा तुकडा हातांत असतांना तोंडांतून निघतो, आणि दुसरा तो तुकडा टाकून झाल्यावर. या दोन शब्दांच्या मध्यें जी अरुंद जागा उरते, तींतच महाराष्ट्रांतील कुत्र्याचें आयुष्य शतकानुशतकें गेलें आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. दारापर्यंत त्याचा हक्क, उंबऱ्याच्या आंत मात्र त्याला मज्जाव. तो घरचा नाहीं आणि रानाचाहि नाहीं, तो गांवचा.

या गांवच्या कुत्र्याचा प्रश्न २०२५ सालीं एकाएकीं देशभर चर्चेंत आला. ऑगस्ट महिन्यांत दिल्ली व आसपासच्या प्रदेशांतील रस्त्यांवरच्या कुत्र्यांसंबंधीं सर्वोच्च न्यायालयाचे दोन हुकूम अकरा दिवसांच्या अंतरानें निघाले. पहिला हुकूम सर्व कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा होता. दुसऱ्यानें त्यांत फेर करून, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं वगळतां बाकीचीं निर्बीजीकरण करून व लस टोंचून होतीं तेथें परत सोडण्यास सांगितलें. ७ नोव्हेंबर रोजीं आणखी एक हुकूम झाला. त्यान्वयें शाळा, रुग्णालयें, क्रीडासंकुलें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतून उचललेलीं कुत्रीं पुन्हां तेथें सोडूं नयेत असें ठरलें. आमच्या कुळगांवासारख्या, ज्याचें सारें आयुष्य रेल्वेच्या फलाटाशीं बांधलेलें आहे अशा ठिकाणीं, या शेवटच्या हुकुमाची चर्चा सकाळच्या लोकलमध्यें न होती तरच नवल! या चर्चेंत दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, कुत्र्याची माया हें साहेबांकडून आलेलें खूळ आहे, आमच्या वाडवडिलांना तें ठाऊक नव्हतें. दुसरा म्हणतो, भूतदया हा आमच्या संस्कृतीचा प्राण आहे, नवा आहे तो कुत्र्याचा द्वेष. दोन्ही पक्षांचा कळवळा खरा असेल. परंतु इतिहास मात्र दोघांचाहि कच्चा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम शास्त्राकडे वळूं. गृहस्थाच्या नित्यकर्मांत वैश्वदेवाबरोबर भूतबलि सांगितला आहे, आणि श्राद्धप्रसंगीं काढावयाच्या पंचबलींत गाय व कावळा यांच्या जोडीला श्वानबलि आहेच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे व कृमि यांच्यासाठीं अन्न हळूच जमिनीवर ठेवावें अशी आज्ञा आहे. या आज्ञेंतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, कुत्र्याचा वाटा हा उपकार नव्हे, तें गृहस्थाचें कर्तव्य आहे. दुसरी ही कीं, तो वाटा हातांतून द्यावयाचा नाहीं. जमिनीवर ठेवून आपण दूर व्हावयाचें. वाटा आहे, स्पर्श नाहीं. शिवाय ज्या यादींत कुत्रा आहे, त्याच यादींत समाजानें बाहेर काढलेलीं माणसेंहि आहेत, याकडे भूतदयेचा गौरव करणाऱ्यांनीं डोळेझांक करूं नये. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न हाच होता, कीं जेथें गुरेंढोरें पाणी पितात तेथें माणसाला बंदी कां? जनावराला वाटा देणारा समाज तेवढ्यानें दयाळू ठरत नाहीं.

पुराणकथांतूनहि हें द्वैत दिसतें. महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिराच्या मागोमाग जो कुत्रा चालत जातो, तो त्याच्या पागेंतला किंवा शिकारखान्यांतला नाहीं. नगर सोडतांना आपण होऊन मागें लागलेला तो एक कुत्रा आहे. इंद्राचा आक्षेप असा कीं, कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गांत जागा नाहीं. धर्मराजाचें उत्तर मालकीच्या भाषेंत नाहीं. जो भक्तीनें बरोबर आला त्याला टाकणें हें पाप, एवढेंच त्याचें म्हणणें. आमच्या संतचरित्रांत नामदेवांची गोष्ट प्रसिद्ध आहे. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्याच्या मागें तूप घेऊन ते धांवले. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून भक्तीचा चमत्कार म्हणून ऐकतों. परंतु ज्या समाजांत ती चमत्कार ठरते, त्या समाजांत कुत्र्याच्या भाकरीला तूप लागत नव्हतें हेंहि तीच सांगते. दत्ताच्या पायांशीं कुत्रीं, काळभैरवाचें वाहन कुत्रा, खंडोबाबरोबर कुत्रा. आणि जेजुरीचे वाघ्ये तर देवाचे कुत्रे म्हणून भुंकतात व कोटंब्यांत भिक्षा घेतात. देवांनीं कुत्रीं पाळलीं, भक्तांनीं त्यांना वाटा दिला. अंगाशीं घेतलें तें मुख्यतः धनगरांनीं, शिकाऱ्यांनीं आणि कांहीं राजांनीं.

दगडांची साक्ष कागदांपेक्षां जुनी आहे. काश्मीरांत बुर्झाहोम येथें नवाश्मयुगीन माणसांच्या दफनांबरोबर कुत्रीं पुरलेलीं सांपडलीं. विदर्भांत माहुरझरी व नैकुंड येथील शिलावर्तुळांत घोडे पुरलेले असून त्यांच्या मुखांवर घालावयाचे तांब्याचे साज मिळाले आहेत. परंतु एका विशिष्ट कुत्र्याचें, त्याच्या नांवासकट, कोरीव स्मारक पाहावयाचें असेल तर राष्ट्रकूटांच्या काळांत यावें लागतें. इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या लढाईंत तिसऱ्या कृष्णानें चोळांचा पराभव केला. त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यानें मणलेर नांवाच्या आपल्या वीरावर प्रसन्न होऊन 'काय हवें तें माग' म्हटलें, तेव्हां त्या वीरानें गांव मागितलें नाहीं, सोनें मागितलें नाहीं. त्यानें राजाचा 'काळी' नांवाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढें हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडला असतां दोघेहि झुंजून मेले. त्याचा दगड कर्नाटकांतील आतकूर येथें देवळासमोर उभारला, त्यावर कुत्र्याची व डुकराची झुंज कोरली, आणि त्या दगडाच्या पूजेसाठीं जमीन लावून दिली. हा कानडी शिलालेख आम्हांला कोणत्याहि पोवाड्यापेक्षां अधिक हृद्य वाटतो. कारण यांत कुत्र्याच्या स्वामिनिष्ठेचें व्याख्यान नाहीं. नांव आहे, झुंज आहे आणि जमीन आहे.

मराठेशाहींत असाच मान मिळाला तो सातारच्या शाहूछत्रपतींच्या कुत्र्याला. शिकारींत या कुत्र्यानें महाराजांना वाघापासून वांचविलें म्हणून त्यांनीं त्याला जहागीर दिली व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. भर दरबारांत सरदार भेटीला आले असतां महाराजांनीं कुत्र्याला जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून स्वतःची पगडीहि त्याच्याच डोक्यावर ठेविली, हा प्रसंगहि तोच सांगतो. डफच्या मतें ही उतारवयांतील बुद्धिभ्रंशाची लहर होती. असेल, परंतु जवाहिरानें मढलेल्या आपल्या सरदारांना महाराज त्या पोशाखाबद्दल कांहीं सुचवीत नव्हते, असें खात्रीनें कोण सांगेल? संगम माहुलीस त्या कुत्र्याची दगडी मूर्ति आहे, आणि लोक त्याला खंड्या म्हणतात.

याउलट रायगडावरील वाघ्याची गोष्ट. महाराजांच्या चितेंत त्यांच्या कुत्र्यानें उडी घेतली, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकानें ती अधिकच दृढ केली. समाधीजवळच्या उंच चौथऱ्यावर कुत्र्याचा पुतळा उभा राहिला तो १९३६ सालीं. शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा मागमूस नाहीं. पुढें तो पुतळा कांहीं मंडळींनीं काढला, सरकारनें तो पुन्हां बसविला, आणि २०२५ सालीं तो हलवावा अशी मागणी पुन्हां झाली. पुराव्याच्या दृष्टीनें आक्षेपकांचें म्हणणें बरोबर आहे, हें आम्ही स्पष्टपणें मान्य करितों. आम्हांला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ज्याच्या जहागिरीची हकीकत शंभर पृष्ठांवर नव्हे, निदान एका परिच्छेदांत तरी लिहिलेली आहे, तो माहुलीचा कुत्रा कोणाच्या ध्यानींमनींहि नाहीं. आणि ज्याचा कागदच नाहीं, त्याच्यासाठीं अर्धा महाराष्ट्र भांडावयास उठतो. आम्हांला कुत्र्याची सेवा आवडते, पण तो मरून दाखवील तेव्हां!

आतां ज्या प्रकरणामुळें हा सारा विषय आम्हांला लिहावासा वाटला, त्याकडे येऊं. तें म्हणजे मुंबईंत १८३२ सालीं झालेला कुत्र्यांचा दंगा. कंपनी सरकारच्या मुंबईंत १८१३ पासून असा नियम होता, कीं वर्षांतील ठराविक मुदतींत रस्त्यांवरील बेवारशी कुत्रीं मारावीं. १८३२ सालीं ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली गेली, आणि प्रत्येक कुत्र्यामागें मारणाऱ्यास ८ आणे बक्षीस होतें. बक्षिसाचा परिणाम ठरलेलाच: शिपायांना बेवारशी आणि वारशी यांतला भेद दिसेनासा झाला, आणि लोकांच्या दारांतूनहि कुत्रीं ओढलीं जाऊं लागलीं. ६ जून हा पारशी लोकांचा एक पवित्र दिवस होता. त्या दिवशीं कोटांतील पारशी जमाव कुत्रीं मारणाऱ्यांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं; केवळ पारशांचींच नव्हे, हिंदु, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांचींहि. कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारा शिधा अडविला गेला. अखेर पलटण बोलावून, दंग्याचा कायदा वाचून, धरपकड करून सरकारनें शांतता प्रस्थापित केली. हिंदुस्थानांतील हरताळांच्या इतिहासांत एक आरंभीचा हरताळ कुत्र्यांसाठीं झाला, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत कां नसावी हें आम्हांला कळत नाहीं.

पारशांचा क्षोभ समजण्यासाठीं त्यांचा धर्म थोडासा पाहिला पाहिजे. वेंदिदादाच्या दोन प्रकरणांत कुत्र्याला मारणें, उपाशी ठेवणें किंवा त्याला अयोग्य अन्न घालणें यांचीं प्रायश्चित्तें सांगितलीं आहेत. मृत माणसाच्या देहाला कुत्र्याची दृष्टि दाखविण्याचा 'सगदीद' नांवाचा विधि हा त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. म्हणजे पारशी माणसाला कुत्रा हा पहारेकरी किंवा खेळणें नव्हता; आपण मेल्यावर आपल्याकडे ज्यानें पाहावें असा तो साक्षीदार होता. अशा प्राण्याला आठ आण्यांसाठीं भररस्त्यांत सोट्यानें मारतांना पाहून लोकांनीं दगड उचलला, यांत विचित्र असें कांहीं नाहीं.

परंतु सरकारची बाजूहि पोकळ नव्हती, हें नमूद केलें पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर तेव्हां जगांत कोठेंहि उपाय नव्हता. पाश्चरनें पहिल्या मुलाला लस टोंचली ती १८८५ सालीं, म्हणजे दंग्यानंतर त्रेपन्न वर्षांनीं. चावलेल्या मुलाचा मृत्यु पाहणें एवढेंच आईबापांच्या हातीं होतें. चूक होती ती भीतींत नव्हे, शब्दांत. 'बेवारशी' हा शब्द वतनाच्या, मालमत्तेच्या कायद्यांतला. ज्या वस्तूला वारस नाहीं ती सरकारजमा. गल्लींतल्या कुत्र्याला एक मालक नव्हता हें खरें. पण त्याला पंचवीस घरांचा वाटा होता, आणि ज्याला पंचवीस घरें भाकरी घालतात तो बेवारशी कसा? हा संबंध कायद्याच्या वहींत लिहावयास रकानाच नव्हता. दंग्यानंतर शहरांतील धुरीणांनीं रदबदली केली, त्यांत जमशेटजी जीजीभाई होते. आणि त्यांनीं व जैन-वैष्णव व्यापाऱ्यांनीं मिळून १८३४ सालीं मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. तोडगा उदार होता, पण त्यानें एक गोष्ट मान्य केली: कुत्र्याला गल्लींत राहावयाचा हक्क नाहीं, फार तर भिंतींच्या आड जगावयाचा आहे. २०२५ चा वाद त्याच जागीं उभा आहे.

मुंबईच्या गल्लीचें जें तेव्हां झालें, तें कुळगांव-बदलापुराचें आमच्या डोळ्यांदेखत झालें. बदलापूर हें नांव मराठी फौजांचे घोडे येथें बदलले जात म्हणून पडलें, अशी लोकव्युत्पत्ति आहे. ती खरी असो वा नसो, जनावराच्या आठवणीवरून गांवाचें नांव सांगणारे लोक येथें होते, एवढें त्यावरून दिसतें. १८५६ च्या मे महिन्यांत कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली, तरीहि पुढें कितीतरी वर्षें उल्हास नदीकांठचें हें भातशेतीचें गांवच राहिलें. मग इमारती उठल्या. इमारतीला दार असतें, पण ओटा नसतो. उरलेली भाकरी पूर्वीं ओट्यावरून कुत्र्याला जाई; आतां ती पिशवींत बांधून कचऱ्याच्या डब्यांत जाते. कुत्र्याला अन्न पूर्वीपेक्षां कमी मिळतें असें नाहीं, बहुधा अधिकच मिळतें. परंतु तें कोणाच्या हातून मिळतें हें आतां त्याला कळत नाहीं, आणि तो कोणाच्या अन्नावर आहे हें आम्हांलाहि कळत नाहीं. ज्या प्राण्याला आम्ही ओळखत नाहीं, त्याची भीति वाटणें स्वाभाविकच होय.

या ठिकाणीं प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचें म्हणणें ऐकण्याजोगें आहे. जर्मनींत बॉनजवळ ओबरकासेल येथें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींच्या थडग्यांत माणसांबरोबर एक कुत्र्याचें पिल्लू सांपडलें. त्याच्या दांतांवरून असें दिसलें कीं, तें कित्येक आठवडे आजारी होतें आणि माणसानें शुश्रूषा केल्यावांचून तें इतकें जगलें नसतें. कामाला न येणाऱ्या पिल्लाची ती सेवा होती. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं २००३ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनीं हातावर वाढविलेले लांडगे आणि कुत्रीं यांच्यापुढें न सुटणारें कोडें ठेविलें, म्हणजे मांस दिसतें पण ओढून निघत नाहीं. लांडगे ओढीतच राहिले. कुत्र्यांनीं वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिलें. २०१५ सालीं जपानी शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हां दोघांच्याहि शरीरांत ऑक्सिटोसिन हें द्रव्य वाढतें. आई व तान्हें मूल यांच्या मायेशीं संबंध असलेलें द्रव्य तेंच. लांडग्यांत तसें झालें नाहीं. सगदीद मानणाऱ्यांना कुत्र्याची दृष्टि महत्त्वाची वाटत होती, हें या वेळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

परंतु हे सर्व प्रयोग घरांत पाळलेल्या कुत्र्यांवर झालेले. आमच्या गल्लींतल्या कुत्र्याकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहिलें तें कोलकात्याच्या आयसर या संस्थेंत २००९ पासून काम करणाऱ्या डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे रस्ता. २०१६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, रस्त्यावरची कुत्री विण्यासाठीं एकांत शोधीत नाहीं, तर माणसांच्या वस्तीजवळची जागा पसंत करते. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत सातव्या महिन्यापर्यंत जगलेलीं पिल्लें शेंकडा १९ निघालीं, आणि मेलेल्यांपैकीं शेंकडा ६३ च्या मृत्यूंत माणसाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात होता. ज्याच्याजवळ आसरा घ्यावयाचा, त्याच्याच हातून बहुतेक मरण! २०२० सालच्या प्रयोगांत अनोळखी माणसानें बोटानें दाखविलेलें भांडें कुत्र्याला समजतें काय हें पाहिलें. जवळपास निम्मीं कुत्रीं पुढें आलींच नाहींत. तीं भित्रीं होतीं. जीं आलीं, त्यांतल्या शेंकडा ८० च्या आसपास कुत्र्यांना खूण समजली. शिकवणी कोणाचीच नव्हती.

या सर्वांत आमच्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २०१७ सालचा. अनोळखी माणसानें हातावर अन्न धरलें आणि तसेंच अन्न जमिनीवर ठेविलें, तर रस्त्यावरचें कुत्रें जमिनीवरचें उचलतें. मनूची आज्ञा जणूं त्यालाहि पाठ आहे. पुढें शास्त्रज्ञांनीं कांहीं कुत्र्यांना वारंवार जादा अन्न दिलें आणि कांहींना अन्नाऐवजीं डोक्यावरून हात फिरवून कुरवाळलें. अपेक्षा अशी असते कीं, उपाशी प्राणी अन्न देणाऱ्याला चिकटेल. झालें उलटें. ज्यांना अन्न मिळालें त्यांच्यापेक्षां ज्यांना स्पर्श मिळाला तीं कुत्रीं माणसावर अधिक विश्वास ठेवूं लागलीं, आणि त्याच्या हातांतून घेण्यास तयार झालीं. दोन हजार वर्षें आम्हीं ज्याला वाटा दिला आणि स्पर्श नाकारला, त्याची निवड विचारली असतां त्यानें स्पर्श सांगितला.

हा केवळ हळवेपणाचा विषय नाहीं. याचा संबंध सरळ त्या रोगाशीं आहे, ज्याच्या भीतीनें १८३२ चे आठ आणे लागले. रेबीज आवरावयाचा तर एकूण कुत्र्यांपैकीं निदान शेंकडा ७० ना लस टोंचली पाहिजे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब. मारून हा हिशेब सुटत नाहीं, कारण मारलेल्यांच्या जागीं लस न घेतलेलीं नवीं कुत्रीं येतात. म्हणून २००१ सालीं निर्बीजीकरण व लस करून त्याच जागीं सोडण्याचे नियम झाले, आणि २०२३ सालीं ते नव्यानें निघाले. नगरपालिकांनीं ते किती पाळले, हें कुळगांवच्या कोणत्याहि चौकांत उभें राहून मोजतां येईल. पालकांचा संताप आम्हांला म्हणूनच अन्यायाचा वाटत नाहीं; चावलेल्या मुलाच्या आईला प्रयोगांचीं फळें सांगणें हा शहाणपणा नव्हे. तथापि कुत्र्याला धरल्याशिवाय लस देतां येत नाहीं, आणि लाठीकाठीनें पळविलेल्या कुत्र्याला धरणें हें किती कठीण असतें तें पालिकेच्या गाडीमागें धांवणाऱ्यांना विचारावें.

गोमंतकांत हें काम झालें. तेथें २०१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था मिळून दरवर्षीं सुमारें लाखभर कुत्र्यांना लस देऊं लागलीं. २०१७ नंतर कांहीं वर्षें तेथें रेबीजनें माणसाचा एकहि मृत्यु नोंदला गेला नाहीं, आणि २०२१ सालीं गोवें हें देशांतील पहिलें रेबीजनियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालें. त्यांची कामाची रीति अशी कीं, तुकड्या वाड्यावाड्यांतून, दारोदार हिंडतात. जें कुत्रें कोणा ना कोणाच्या ओळखीचें असतें, त्याला तो माणूस हातानें धरतो आणि तेथेंच ओट्यावर लस टोंचतात. जीं हाताला येत नाहींत, त्यांच्यासाठीं मागून जाळेंवाले येतात.